काळजी आमची, फॉर्म तुमचा

योग्य वेळी लिहिलेलं एक वाक्य माणसाच्या आयुष्याला वळण देऊ शकतं, असं मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आलो, आणि त्याचा पुरावाही माझ्याजवळ आहे. मी लिहिलेल्या एका वाक्यानं एका मुलीच्या आयुष्याला खरोखरच वळण लागत होतं. ते वळण तिला परत तिच्या गावाकडं नेत होतं.

लातूरच्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी मराठी शिकवत असे. निवृत्त झालो त्याला दोन वर्षं झाली. निरोप समारंभात माझ्या अध्यापनाविषयी बरंच बोललं गेलं. त्यातलं काही मी स्वतःबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. पण जे काम मी सगळ्यांत जास्त काळ, विनातक्रार आणि विनासही केलं, त्याचा उल्लेख कोणी केला नाही. दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाची माहितीपुस्तिका निघते. तिच्या दुसऱ्या पानावर प्राचार्यांचा फोटो असतो आणि फोटोखाली नव्या विद्यार्थ्यांना उद्देशून उपदेश. फोटो प्राचार्यांचा, शेवटची सही प्राचार्यांची, मधला उपदेश माझा. माझ्या कारकिर्दीत सहा प्राचार्य होऊन गेले. आपण विद्यार्थ्यांना काय सांगितलं, हे त्या सहाही जणांना पुस्तिका छापून आल्यावरच कळायचं.

प्रत्येकाची आवड वेगळी. एकांना आरंभी संस्कृत सुभाषित लागे, मग त्याचा पुढच्या मजकुराशी संबंध नसला तरी चाले. दुसऱ्यांना 'दीपस्तंभ' हा शब्द हवाच असे. लातूरपासून समुद्र इतका लांब आहे की आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी दीपस्तंभ फक्त या पुस्तिकेतच पाहिला असेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, उपदेश लिहायला काय लागतं, चार चांगल्या गोष्टी सांगायच्या. पण चांगल्या गोष्टी सगळ्यांना आधीच ठाऊक असतात. अडचण असते ती ऐकायला लावण्याची. त्याच्या तीन वाटा ग्रीक लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवल्या आहेत. सांगणारा कोण आहे ते दाखवायचं, म्हणजे विश्वास बसतो. किंवा ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालायचा. किंवा सरळ कारण देऊन पटवायचं. जाणकार तिन्ही वाटा एकदम चालतात. हे मी तासाला शिकवायचो तेव्हा वर्गाच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नसे. मग मी मुलांना गेटसमोर कलीमभाईंच्या दुकानात पाठवू लागलो.

कलीमभाईंचं दुकान झेरॉक्सचं. त्यांचे आजोबा निजामाच्या अमलात कचेरीची दफ्तरं बांधायचे, वडील कॉलेजची रजिस्टरं, आणि कलीमभाई विद्यार्थ्यांचे प्रकल्प. शिवाय ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि फुकट सल्ला. एखादा मुलगा पातळ पुठ्ठ्यात काम भागवायला निघाला की ते मान वर न करता बोलू लागत.

"तीन पिढ्यांपासून बांधून राहिलो, बेटा. तुझ्या मराठीच्या सरांची पीएचडी बी मीच बांधली. आता तू पातळ पुठ्ठ्यात दिलं, तर परीक्षक हातात घेताच म्हणतील, ह्या पोराला स्वतःचीच कदर न्हाई. अन् पातळ पुठ्ठा गॅदरिंगपर्यंत टिकत न्हाई. मग पुन्हा माझ्याकडंच येशील."

विश्वास, काळीज, कारण. ग्रीकांना ज्यासाठी ग्रंथ लागले, ते कलीमभाई चहा गार व्हायच्या आत उरकत. मुलं परत येऊन सांगत, "सर, समजलं. अन् फाइल बी बांधून आलो."

मला स्वतःला मात्र हे कधी नीट जमलं नाही. एका वर्षी मी नुसत्या कारणांवर भर दिला. तासाला बसण्याचे अकरा फायदे क्रमवार लिहिले. कोणी वाचतं का बघावं म्हणून एका मुलाला विचारलं. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "सर, पहिला फायदा वाचला तवा वाटलं, बसावं तासाला. पाचवा वाचला तवा वाटलं, हे एवढं समजावून राहिले म्हणजे कायतरी खोट हाय." माझ्या लेखनावर इतकी नेमकी समीक्षा पुढं कोणी केली नाही. दुसऱ्या एका वर्षी विश्वासाची वाट धरली. त्या वेळच्या प्राचार्यांच्या पदव्या, अध्यक्षपदं आणि मानपत्रं अर्ध्या पानावर मांडली. मुलांनी फोटोला मिशा काढल्या. प्राचार्यांना मुळात मिशा होत्या. मुलांनी त्यांच्यावर आणखी एक जोड काढली.

राहिलं होतं काळीज. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना जे प्राचार्य होते, ते रसायनशास्त्राचे. आवाज मोठा, भाषणाची हौस त्याहून मोठी. ते स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "सर, या वर्षी असं लिहा की पालकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मी लिहिलं: 'आजवर तुमच्या आईवडिलांनी तुमची काळजी वाहिली. आज तुम्ही आमच्या दारात पाऊल ठेवलंत. आता निश्चिंत राहा. प्रवेश झाला, तुम्ही आमचे झालात. इथून पुढं तुमची काळजी आमची.'

लिहिता लिहिता मलाच गहिवरून आलं. स्वतःच्याच वाक्यानं गहिवरून येणं हे लेखकासाठी धोक्याचं लक्षण असतं, असं मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवायचो. स्वतः शिकलो नव्हतो.

प्राचार्यांनी तो उतारा स्वागत समारंभात माइकवरून वाचला. 'तुमची काळजी आमची' इथं थांबून ते पाणी प्यायले. पालकांनी डोळे पुसले. परिणाम आठ दिवसांत दिसू लागला, कारण पुस्तिकेत प्राचार्यांचा फोन नंबरही छापलेला होता. सकाळी सहाला चाकूरहून एक गृहस्थ विचारत, "साहेब, आमचं पोरगं कालपासून फोन उचलून न्हाई राहिलं. जेवलं का बघा जरा." हदगावच्या एका माउलीनं कळवलं, "माझ्या लेकीला दही सोसत न्हाई, तेवढं मेसवाल्याला सांगून ठेवा. अन् तुमची तब्येत बरी हाय ना?" प्राचार्य मला म्हणाले, "सर, काळजीची मर्यादा स्पष्ट करायला हवी होती."

"पुढच्या वर्षी तळटीप घालू," मी म्हणालो.

ऑक्टोबरअखेरपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि म्हणून कोणी सांगत नाही. कॉलेजात प्रवेश घेणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश कॉलेज देतं, परीक्षा विद्यापीठ घेतं. परीक्षेचा फॉर्म दिवाळीच्या आगेमागे निघतो आणि तो मुदतीत भरला नाही, तर वर्षभर पहिल्या बाकावर बसलेल्यालाही परीक्षेला बसता येत नाही. ज्यांच्या घरातलं आधी कोणी कॉलेजात शिकलेलं असतं, त्यांना हे घरीच कळतं. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी आलेलं असतं, त्यांना वाटतं, जूनमध्ये नाव घातलं म्हणजे झालं. शाळेत तसंच तर होतं. दरवर्षी प्रथम वर्षाच्या दोनचार मुलांचं वर्ष असं जायचं. आम्ही हळहळायचो आणि चहा मागवायचो. माझ्या तोवरच्या उपदेशांत हिमालय आला होता, गरुडझेप आली होती, दीपस्तंभ तर कितीदा. 'परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो' हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. ते पुरेसं भारदस्त नव्हतं.

त्या दुपारी मी डबा उघडत होतो, तेव्हा स्टाफरूमच्या दारात अश्विनी येऊन उभी राहिली. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणारी, प्रथम वर्षाची, पहिल्या बाकावरची, कधीही प्रश्न न विचारणारी मुलगी. हातात माहितीपुस्तिका. ती ऑक्टोबरपर्यंत जपून ठेवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही.

"सर, हे तुम्ही लिहिलंय म्हणं?"

"खाली सही प्राचार्यांची आहे."

"सही त्यांचीच हाय. लिहिलंय तुम्ही. कलीमचाचानं सांगितलं."

इतक्या वर्षांचं गुपित कलीमभाईंना ठाऊक होतं तर. असणारच. माझे सगळे मसुदे त्यांच्याच यंत्रातून बाहेर पडले होते.

"बरं, मग?"

"आज पोरी हॉलतिकिटाचं बोलून राहिल्या होत्या. मी म्हणलं, माझं कवा येईल? त्या म्हणल्या, परीक्षेचा फॉर्म भरलास का? मी म्हणलं, त्यो कंचा? त्या हसल्या. ऑफिसात जाऊन आले. मुदत संपून चार दिवस झाले म्हणले. लेट फीची बी संपली."

"अगं, नोटीस लागली होती. वाचली नाहीस?"

"नोटिसा वाचाव्या लागत्यात हे मला कुठं ठाऊक, सर? ह्यात तर असं लिहिलंय." तिनं पुस्तिका माझ्यापुढं ठेवली. एका ओळीखाली निळ्या पेनानं, पट्टी लावून, सरळ रेघ ओढलेली होती. "'आता निश्चिंत राहा.' मी राहिले."

उपदेश तंतोतंत पाळणारा विद्यार्थी मला साऱ्या नोकरीत एकच भेटला.

मी विचारलं, घरी काय म्हणतील. तिनं सांगितलं ते असं. थोरल्या बहिणीचं नाव उदगीरच्या कॉलेजात घातलं होतं. तिचाही हाच फॉर्म राहिला. वर्ष गेलं आणि ती घरी बसली. वडिलांनी, ज्यांना या मुली दादा म्हणत, तेव्हा ठरवून टाकलं होतं की पोरींना कॉलेज म्हणजे फुकटचं एक वर्ष. अश्विनीनं दोन महिने मागं लागून त्यांना कसंबसं तयार केलं होतं.

"आता माझं बी गेलं तर दादा काय बोलणार न्हाईत, सर. बोलायचं कामच पडणार न्हाई. माझं एक जाऊ द्या. पन धाकटी सुवर्णा बारावीत हाय. ती लई हुशार हाय. तिला दाराबाहेर कोण पाठवल?"

ती रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माझ्याकडं वाक्यं तयार होती. ती नुसती माझ्याकडं बघत उभी राहिली. काळजी आमची म्हणाला होतात, आता करा, अशा हिशेबानं.

डबा तसाच बंद करून मी तिला घेऊन प्राचार्यांकडं गेलो.

"नोटीस लावली होती," प्राचार्य म्हणाले.

आम्ही जाऊन पाहिलं. सूचना फलकाच्या काचेची किल्ली हरवून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं आमच्या नोटिसा काचेच्या बाहेरून चिकटवतात. सगळ्यांत वर रांगोळी स्पर्धेची नोटीस होती. तिच्याखाली वृक्षदिंडीची. वृक्षदिंडी उचलून पाहिल्यावर तिसऱ्या थरात परीक्षेच्या फॉर्मची नोटीस सापडली.

"थर कितीही असोत," प्राचार्य म्हणाले, "नोटीस आहे. मुदतीनंतर मी विद्यापीठाला पत्र देणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." आमच्याकडं ज्या कामासाठी खुर्चीतून उठावं लागतं, त्याचा तत्त्वाचा प्रश्न होतो.

मग मी ठरवलं, की अर्ज आपणच लिहायचा. विद्यापीठाला उद्देशून, अश्विनीच्या वतीनं. आयुष्यभर शिकवलेल्या तिन्ही वाटा या एका अर्जात आणायच्या. बसलो आणि दीड तासात दोन पानं लिहिली. ग्रामीण मुलींच्या शिक्षणाचा इतिहास आला, आईच्या हातांवरचे घट्टे आले, न्याय आणि करुणा यांतला फरक आला. ते घेऊन आम्ही दोघं कलीमभाईंकडं टाइप करायला गेलो. त्यांनी उभ्यानंच सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला.

"माशाल्ला, सर. डोळ्यांत पाणी आलं. पन मागायचं काय हाय?"

"दुसऱ्या पानावर आहे. शेवटून तिसऱ्या ओळीत."

"साहेब लोक दुसऱ्या पानावर जात न्हाईत, सर."

अश्विनी माझ्या खांद्यामागून वाचत होती. "सर, ह्यात माझा रोल नंबर कुठंय?"

रोल नंबर नव्हता. विषयही नव्हते. तिच्या गावाचा उल्लेख मी 'मांजरेच्या खोऱ्यातलं एक चिमुकलं खेडं' असा केला होता.

"गावाला नाव हाय, सर," ती म्हणाली.

कलीमभाईंनी एक कोरा कागद आणि पेन तिच्याकडं सरकवलं. तिनं काउंटरवर वाकून लिहायला घेतलं. मध्ये एकदाही थांबली नाही. माझ्या आठवणीप्रमाणं अर्ज असा होता: 'माझा परीक्षेचा फॉर्म राहिला आहे. हा फॉर्म वेगळा असतो हे मला माहीत नव्हते. निश्चिंत राहा असे मला माहितीपुस्तिकेत सांगितले होते. ते पान सोबत जोडले आहे. त्याच्यावर माननीय प्राचार्यांची सही आहे. तरी माझा फॉर्म घ्यावा.' खाली नाव, रोल नंबर, विषय आणि गाव. गावाला नाव होतं.

मी सवयीनं तिन्ही वाटा शोधू लागलो. कारण दिलं होतं आणि कारणाला पुरावा जोडला होता. विश्वासासाठी तिनं प्राचार्यच उसने घेतले होते. काळजाला हात घातलेला कुठं दिसत नव्हता. तो कोणाच्या काळजाला बसणार आहे, हे मला अर्ध्या तासानं कळलं.

"पान कलर काढतो," कलीमभाई म्हणाले. "फोटो नीट दिसला पाहिजे."

विद्यार्थ्याचा अर्ज विद्यापीठाकडं जातो तो प्राचार्यांमार्फत. तसा नियमच आहे. त्यामुळं हाही कागद आधी प्राचार्यांच्या टेबलावर गेला. त्यांनी पहिलं वाक्य वाचून मान हलवली, दुसरं वाचून हलवली. तिसऱ्याला थांबले. मग पान उलटलं. खाली ते स्वतः होते, कोट घातलेले, रंगीत, आणि त्यांच्या हनुवटीखाली निळ्या रेघेचं वाक्य.

"हे पान जोडायची गरज आहे का?"

"हाव सर," अश्विनी म्हणाली. "पुरावा हाय त्यो."

"अगं, पण विद्यापीठात लोक हे वाचतील."

"वाचायलाच दिलंय की, सर."

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर सायकल स्टँड होता आणि तो मला एकाएकी अभ्यासण्याजोगा वाटू लागला.

"सर, हे वाक्य..." प्राचार्य म्हणाले.

"सही आपली आहे, सर."

प्राचार्यांनी फोटोतल्या स्वतःकडं पुन्हा एकदा पाहिलं. तेवढ्यात तत्त्वाचा प्रश्न सुटला असावा, कारण प्राचार्य खुर्चीतून उठले. "आपण असं करू. हे पान राहू द्या इथंच. मी पत्र देतो. महाविद्यालयाच्या नजरचुकीनं फॉर्म राहिला, विशेष बाब म्हणून स्वीकारावा. लिहा सर, तीन ओळींत. तीनच. आणि मी नांदेडला विद्यापीठाच्या परीक्षा विभागात फोन करून ठेवतो."

मी मसुदा लिहिला. तो माझ्या कारकिर्दीतला सगळ्यांत लहान मसुदा. अश्विनीनं पत्र घेतलं, टेबलावरचं पानही उचललं आणि दोन्ही पिशवीत घातलं.

"ते पान राहू दे म्हटलं ना," प्राचार्य म्हणाले.

"असू द्या, सर. लागलं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं नांदेडला निघालो. कलीमभाईंना तिथून मशीनचा एक सुटा भाग आणायचा होता, निदान ते तसं म्हणाले. अहमदपूर येईपर्यंत मी अश्विनीला सांगत होतो, की आधी घरची परिस्थिती सांग, मग विनंती कर. लोहा येईपर्यंत कलीमभाई सांगत होते, "बेटा, सलाम कर, पन रडू नको. रडणाऱ्यांची लाइन तिथं येगळी असते अन् लई मोठी असते."

तिनं दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तिथं मी बोलू का? तुम्ही अन् चाचा जरा मागं थांबा."

आम्ही मागं थांबलो. परीक्षा विभागाच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी पत्र वाचलं. "'नजरचुकीने'. आज सकाळपासून हे तिसरं कॉलेज. सगळ्यांच्या नजरा एकदमच चुकल्या का गं? पण तू काय करत होतीस? तुझं तुला कळत नव्हतं?"

अश्विनीनं पिशवीतून ते पान काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं. "ह्यात असं सांगितलं होतं, मॅडम."

बाईंनी ते मनात वाचलं. मग पलीकडच्या टेबलांकडं वळून मोठ्यानं वाचलं. वाचनाची त्यांना चांगली जाण होती. 'तुमची काळजी आमची' इथं त्याही थांबल्या. पाणी मात्र प्यायल्या नाहीत. टेबलांवर हशा पिकला. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आमच्या पेन्शनचं बी विचारा त्यांना."

"सर," कलीमभाई माझ्या कानाशी म्हणाले, "नांदेडात दाद मिळाली. मुबारक."

"कुणी लिहिलं गं हे?" बाईंनी विचारलं.

मी त्यांच्यापासून पाच फुटांवर उभा होतो. अश्विनीनं मागं वळून पाहिलं नाही. "खाली प्राचार्यांची सही हाय, मॅडम," ती म्हणाली.

बाई पत्र आणि पान दोन्ही घेऊन आत साहेबांकडं गेल्या. आतून पुन्हा हसू ऐकू आलं. मग त्या बाहेर आल्या. पत्रावर 'विशेष बाब' असा शेरा होता आणि सही. "जा, आजच्या आज भरून टाक," त्या म्हणाल्या. "आणि बाई, इथून पुढं तुझी काळजी तूच कर." पान त्यांनी परत दिलं नाही. विद्यापीठीय वर्तुळात माझ्या लेखनाची जपून ठेवलेली ती एकमेव प्रत.

अश्विनी परीक्षेला बसली आणि सगळ्या विषयांत चांगली उतरली. मराठीत मात्र काठावर सुटली. तिची उत्तरं फार थोडक्यात होती.

पुढच्या जूनमध्ये मी प्राचार्यांपुढं नवा उपदेश ठेवला. त्यात तीन वाक्यं होती. 'परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो. तो दिवाळीच्या सुमारास निघतो. काही अडलं तर गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारा.' मला आजही वाटतं, की मी यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही.

"यात मी कुठं आहे?" प्राचार्य म्हणाले.

आठवडाभर घासाघीस चालली. वर दीपस्तंभाचा एक परिच्छेद घालायचं मी कबूल केलं, खाली माझी तीन वाक्यं ठळक अक्षरांत राहतील हे त्यांनी. मग प्रश्न आला, की झेरॉक्सच्या दुकानाचा उल्लेख महाविद्यालयाच्या प्रतिष्ठेला शोभतो का. त्यावर तिघांची समिती नेमली. समितीनं 'दुकानात' ऐवजी 'संबंधितांकडे' सुचवलं. मी अडून बसलो. संबंधित म्हणजे कोण, हे न कळल्यामुळंच तर मुलांची वर्षं जातात, असं समितीपुढं अर्धा तास बोललो, तिन्ही वाटांनी बोललो. तोवर सगळे प्रवेश पुस्तिकेविनाच उरकले. समितीच्या चार बैठका झाल्या. मधल्या काळात प्राचार्यांनी नवा फोटो काढून घेतला. शेवटी 'गेटसमोरील संबंधितांकडे' या शब्दांवर एकमत झालं आणि मजकूर छापखान्यात गेला. हे सगळं मी एका मुलीच्या थोडक्यात वाचलेल्या वर्षासाठी करत होतो, आणि तिच्यासारख्या कितीतरी जणींसाठी. त्या दिवसांत माझी छाती जरा फुगलेली असे.

त्याच वर्षी सुवर्णा प्रथम वर्षाला आली होती. दादांनी एकीचा निकाल पाहून दुसरीला पाठवलं होतं. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं, तेव्हा मी तिला व्हरांड्यात गाठून विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरलास ना गं?"

"हाव सर. पहिल्याच दिवशी. ताईनं हाताला धरून कलीमचाचाकडं नेलं. आमच्या एसटीतल्या सगळ्या पोरींचे बी ताईनं भरून घेतले."

"आणि पुस्तिकेत खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ते वाचलंस का?"

"कंची पुस्तिका, सर?"

तिचं बरोबर होतं. पुस्तिका त्या दिवशी दुपारी छापखान्यातून यायची होती. फॉर्मची मुदत आदल्या शनिवारी संपली होती.